पदराच्या गाठीतली गोळी

अकोल्याच्या एका दवाखान्यात मी थुंकीचे नमुने घ्यायचो, तेव्हा आलेली ती बाई. कापूस मोडून झेंडू लावलेल्या घरातली, दम्याची. डॉक्टरांनी तिला काही महिने स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या बंद केल्यावर शरीर ताणाचं हार्मोन पुन्हा स्वतः बनवू लागलं का, हे थुंकीतून पाहायचं होतं.

तिनं नळी उजेडाकडे धरून फिरवून पाहिली.

"थुंकून आमी लेकरायची नजर काढतो, भाऊ. तुमी काय काढता?"

मी समजावून सांगितलं. ती ऐकत कमी होती, माझा चेहराच जास्त न्याहाळत होती. माझी नजर तिच्या डाव्या मुठीवर. तिथं पदराची गाठ आवळून धरलेली.

"मावशी, गोळ्या खरंच बंद केल्या ना?"

"हे बी थुंकी सांगते का?"

"अंदाज येतो."

"मंग तिलेच इचारा," ती म्हणाली. पण नळी कोरडीच राहिली. तिच्या तोंडाला पाणीच सुटेना. माझा संशय पक्का झाला.

"त्याच गोळ्या दुकानातून आणून खाताय ना? जिवावर बेतेल, मावशी."

गाठ सोडून तिनं गोळ्यांचं अर्धं पाकीट दाखवलं.

"यानं माहे धरलेले गुडघे मोकळे झाले. पहाटची फुलं मीच तोडली. सुनेले हाक मारा लागली नाई."

पाठ फिरवून तिनं नळी भरली, माझ्या हातात दिली आणि गाठ पुन्हा बांधली.

"थुंकी घ्या, भाऊ. गोळी नका मांगू."