अष्टमीचं उधाण

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथी पास झालो की नापास ते मला आजही ठाऊक नाही. निकाल लागला त्या दिवशी मी बापाबरोबर बोटीवर होतो आणि नंतर विचारायला शाळेत कोणी गेलं नाही. तरी माझी तीन पुस्तकं छापून आली होती, आणि मी ज्या दिवसांचं सांगतो आहे तेव्हा चौथं छापखान्याच्या दारात उभं होतं. जाडजूड पुस्तकं आहेत. उशाला घेतली तर मान अवघडेल. हे मी फुशारकीनं सांगतो. फुशारकी मारण्याजोगं काम केल्यावर ती का मारू नये?

पुस्तकं आहेत समुद्राखालच्या एका नगराची. तिथे एक राणी आहे, बुडालेल्या खलाशांच्या हाका तिला ऐकू येतात. सुरमईंचं घोडदळ आहे. काळ्या दगडाचा एक दरवाजा आहे. वरून उधाणाचं पाणी आलं की तो उघडतो आणि वरचं माणूस खाली, खालचं वर जाऊ शकतं. सगळं खोटं आहे, आणि मला ते माझ्या आळीइतकंच पाठ आहे.

हे नगर मी घरात बसून रचलेलं नाही. आमची मासेमारी डोल जाळ्याची. समुद्रात खांब रोवून त्यांना पिशवीसारखं जाळं बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी आत येईपर्यंत वाट बघायची. अर्नाळ्याहून निघून तिथे पोचलं की तासन् तास काम नाही. मी तांडेल, म्हणजे बोटीवर माझा शब्द चालायचा. खलाशी पेंगू नयेत म्हणून मी गोष्ट सांगायचो. पन्नास वर्षं सांगितली. गुडघे गेले, बोट मुलाकडे दिली, पण गोष्ट कोणाकडे देणार? ती घेऊन घरी आलो आणि लिहायला बसलो.

पहिला भाग छापून आला तेव्हा देवळासमोर चार खुर्च्या मांडून छोटा समारंभ केला. तिथे कोणीतरी विचारलं, "तांडेल, असे किती भाग?" मी म्हणालो, "सात." का सात, ते देवाला ठाऊक. तोंडातून गेलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "वय काय, बोलता काय." पण सात म्हणालो म्हणजे सात.

आमच्या घरात रीत आहे, नव्या जाळ्यातली पहिली मासळी विकायची नाही, आळीत वाटायची. तीच रीत मी पुस्तकाला लावली. प्रत्येक भागाच्या पहिल्या प्रती दारोदार जाऊन स्वतःच्या हातानं दिल्या. लोकांनी दोन्ही हातांनी घेतल्या, कपाळाला लावल्या आणि कपाटावर ठेवल्या. एक शब्द कोणी बोललं नाही. पहिल्या भागाला वाटलं, वाचतील हळूहळू. दुसऱ्याला वाटलं, आता तरी. तिसरा दिला तेव्हा मी मान वर करून परत आलो आणि मागच्या दारी जाऊन बसलो. विरारला फुलपाड्यात एक बाई राहतात. नवरा-बायको दोघं नोकरीला. त्यांचा दर महिन्याला फोन येतो, "आजोबा, चौथा कधी? आमची लेक गोष्ट ऐकल्याशिवाय जेवत नाही." ऐकून बरं वाटतं. पण फुलपाड्यातल्या माणसानं समुद्र छान लिहिलाय म्हणणं वेगळं आणि ज्यांचा जन्म त्या पाण्यावर गेला त्यांनी म्हणणं वेगळं. मला माझ्या आळीचा शब्द हवा होता. मागणार मात्र नव्हतो.

म्हणून चौथ्या भागाची मला धास्ती होती. हाही कपाटावर गेला तर पाचवा लिहायचा कोणाच्या जोरावर? असं मी कोणाला बोललो नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

माझं हस्ताक्षर फक्त सुनेला लागतं. ती विरारच्या नोकरदार घरातली, माहेर मूळचं साताऱ्याकडचं. संगणकावर तीच उतरवते. छापायला जाण्याआधी एका दुपारी ती ओट्यावर बसून शेवटचं वाचून दाखवत होती. बायको बाजूला बोंबील साफ करत होती. सून वाचत होती, "अष्टमीचं उधाण दरवाजाच्या सातव्या पायरीला लागलं आणि..."

बायकोचा हात थांबला. "परत अष्टमी?"

"मग? त्याला काय झालं?"

"काय नाय. वाच गो तू."

"नाही, बोल आता."

"अष्टमीला उधान कुठल्या समिंदराला येतं?"

सून माझ्याकडे बघायला लागली. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, उधाण येतं अमावास्येला आणि पुनवेला. अष्टमीला पाणी मेल्यासारखं असतं, ना धड चढत ना धड उतरत. त्याला आम्ही भांग म्हणतो. भांगात दगडी दरवाजा सोडा, ओढून ठेवलेली होडीसुद्धा हलत नाही.

"बाबा, मला वाटलं तुमच्याकडे असंच असतं," सून हळूच म्हणाली.

"तीन पुस्तकांत तीनदा," बायको म्हणाली. "बाजारात बाया हसतात. कोनाकडं अवेळी पावना आला की म्हनतात, आलं बघा तांडेलाचं उधान."

"आणि तू मला आज सांगतेस?"

"तुमाला कोन सांगनार? एकदा म्हनले होते, बोट खडकाला लागंल. आठ दिस बोलला नव्हता माझ्याशी."

"लागली होती का बोट?"

"लागली होती."

मी उठलो आणि चालू लागलो. राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत गेलो, दुखऱ्या गुडघ्यानं. तिथे सुट्टीचे पाहुणे लाटांत उड्या मारत होते. त्यांना भरती आहे की ओहोटी याचाही पत्ता नव्हता. माझे वाचक असेच असते तर किती बरं झालं असतं, असं मनात आलं, आणि त्या विचाराची लाज वाटली.

चूक कशी झाली ते मला चालता चालताच उमगलं. डोल जाळ्याला पाण्याची ओढ लागते. भांगात ओढ नसते, म्हणून ते चार दिवस बोटी घरी आणि माणसंही घरी. लिहिण्याचा नाद मला बोटीवर असतानाच लागला होता आणि तो मी फक्त भांगाच्या सुट्टीत पुरवायचो. बोट सोडली तरी ती सवय गेली नाही. अष्टमी आली की वही काढायची. पानाच्या डोक्यावर तिथी लिहायची, कारण तारीख मला कधीच लक्षात राहिली नाही. वर अष्टमी लिहिलेलं असायचं आणि खाली गोष्टीत दरवाजा उघडायची वेळ यायची. डोळा वर जायचा, हात लिहून मोकळा. पन्नास वर्षं ज्यानं बोटांवर तिथी मोजून पाणी ओळखलं, त्याच्या पुस्तकात मेल्या पाण्याला उधाण. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो असतो.

छापणाऱ्याला फोन केला, चौथ्यात अष्टमीची पुनव कर म्हणालो. तो विरार पूर्वेचा, माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काका, काल्पनिक आहे हो. माशांवर बसून लढाई होते तिथे तिथी कोण बघतं?"

"आळी बघते."

"मग आता काय करणार? मागच्या तीन भागांतही तेच आहे. चौथ्यात पुनव केलीत तर लोक विचारतील, आधी अष्टमी का होती? सोमवारी मशीनवर घेतोय. राहू द्या."

राहू द्या म्हणणं सोपं होतं. एक पान जोडून चूक झाली म्हणणंही सोपं असेल, पण ते माझ्या हातून होणारं नव्हतं. माफी मागून पुस्तक काढायचं आणि तेच दारोदार वाटायचं? त्यापेक्षा चौथा भाग नको, पाचवा नको, काहीच नको. सात म्हणालो होतो, तीनवर थांबलो, म्हातारा मेला असं समजा. तीन दिवस मी बायकोशी बोललो नाही. तिनं मोजले असणार.

चौथ्या दिवशी मुलानं फाटलेलं जाळं अंगणात आणून टाकलं. गुडघे गेले तरी हात शाबूत आहेत, जाळी अजून मीच सांधतो. जाळं सांधताना नवशिक्या माणूस काय करतो? भोकाच्या फाटक्या कडा ओढून एकमेकींना बांधतो. ते टिकत नाही, पहिल्याच ओढीला जातं. खरी रीत उलटी आहे. हातात सुरी घ्यायची आणि भोक आधी मोठं करायचं. कुजका, तुटका धागा सगळा कापून काढायचा, घट्ट गाठी लागेपर्यंत. मग त्या गाठींपासून नवीन विणत यायचं. भोक मोठं करायला माणसाला धीर लागतो.

सुरी हातात होती आणि मी तसाच बसून राहिलो. तीन भागांतलं भोक मी कडा ओढून झाकायला बघत होतो.

तेवढ्यात दुसरी गोष्ट डोक्यात आली. मी बायकोला हाक मारली. "गो! बाजारातल्या बायांना कळलं कसं? पुस्तकं तर कपाटावर आहेत."

ती दारात आली. मी बोललो म्हणून मनात हसली असेल, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. "कपाटावर कसली? मासळी सुकत घालायच्या वक्ताला एकजन वाचते, बाकीच्या ऐकतात. तुमच्या रानीचा भाऊ मेला तवा दोघी तर रडल्या. एक म्हनाली, तांडेलाचं वाटोळं होवो, कशाला मारला पोराला."

"असं म्हणाली?"

"मंग. तिसऱ्या पुस्तकाची तर या हातातून त्या हातात जाऊन पानं सुटलीत."

मी खाली मान घालून जाळ्यात बोटं घातली. डोळ्यांत काय होतं ते तिला दाखवायचं नव्हतं. दोन वर्षं मी ज्या शब्दाची वाट बघत होतो तो शब्द आळीत रोज बोलला जात होता. हसण्यासाठी का होईना, आधी ऐकावं लागतं. आणि तीन पुस्तकांतली तीन उधाणं ध्यानात ठेवायची म्हणजे कान देऊन ऐकावं लागतं.

दुपारपर्यंत जाळं सांधून झालं आणि मी वही घेतली. भोक मोठं केलं. समुद्राखालच्या नगरात बाजार भरलाय, मासळी विकणारी एक म्हातारी टोपलीवरचं फडकं उचलते, पाणी बघते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "अष्टमीला उधान कुठल्या समिंदराला येतं?" तिचं खरं असतं. तीन भाग सगळे त्या दरवाजातून ये-जा करत होते, पण कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं की पाणी चुकीच्या दिवशी चढतंय. कोणीतरी चंद्राला दोरी लावून ओढून ठेवलंय. कोणी, ते राणीलाही ठाऊक नाही. आता तिला ते शोधायला निघावं लागणार. लिहिता लिहिता मला दिसलं की पाचवा भाग समोर उभा आहे, आणि त्याच्या मागे सहावा.

सुनेनं ते पान वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "ही मीच ना?"

"नाही."

"मीच."

"तिला दात नाहीत. तुला आहेत."

"पुढच्या भागात दात बसवा तिला," ती म्हणाली आणि बोंबील उचलून आत गेली.

पानं घेऊन मी स्वतः विरारला गेलो. छापणाऱ्यानं उभ्या उभ्या वाचली, मग बसून वाचली. छपाई एक आठवडा पुढे ढकलली. म्हणाला, "काका, हे तुम्ही पहिल्या भागापासून ठरवलं होतं?"

मी हो म्हणालो. ते खोटं होतं, म्हणून इथे खरं लिहून ठेवतो.

चौथा भाग आला. रीतीप्रमाणे पहिल्या प्रती मी दारोदार दिल्या, या वेळी प्रत्येक दारात क्षणभर जास्त उभा राहिलो. फुलपाड्याच्या बाईंचा फोन पाचव्या दिवशी आला, "आजोबा, तीन भाग आम्हाला संशयसुद्धा येऊ दिला नाहीत!" मी म्हणालो, "जेवतेय का लेक?" आळीकडून मात्र काही नाही. सहा दिवस गेले, सात गेले. मी ओट्यावर बसून होतो, वाट बघत नव्हतो असं दाखवत.

आठव्या दिवशी सकाळी एक बाई बाजाराला निघाली होती. राणीच्या भावासाठी जिनं मला शिव्याशाप दिले होते तीच. डोक्यावर टोपली. माझ्या समोर येऊन थांबली.

"काय तांडेल, शेवटी कोनीतरी इचारलं म्हना तुमाला."

"मला नाही. राणीला."

"तेच ते. चांदोबाची दोरी कोनी बांधली?"

"पाचव्यात कळेल."

"पाचवा कवा? मानसं मरतील तवर."

"तू मरत नाहीस. चाल, मासळी खराब होईल."

"मना ठावं कोनी बांधली ती," ती म्हणाली. चार पावलं पुढे गेली आणि वळून हसली. "पन तुमी काय ते बदलू नका आता माझं ऐकून."

तिला काय ठाऊक होतं, देव जाणे. मलाच अजून ठाऊक नव्हतं. मी आत गेलो आणि वही काढली. पानाच्या डोक्यावर सवयीनं तिथी लिहिली, द्वितीया. बाहेर पाणी जोरात होतं, मुलगा बोट घेऊन गेला होता, आणि अशा दिवशी मी आयुष्यात कधी लिहायला बसलो नव्हतो. बायको दारातून म्हणाली, "आज भांग नाय."

"ठाऊक आहे," मी म्हणालो, आणि पहिली ओळ लिहिली.