एकाच पत्त्याचे दोन प्रिंटर

बिबवेवाडीत आम्ही काही जण एक ऑफिस वाटून घेतो. तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर एक गृहस्थ बसायचे. मागून कोणी गेलं की ते लॅपटॉप अर्धा मिटायचे. ही सवय मला पहिल्यापासून खटकायची.

एकदा मी आईचा बायोप्सीचा रिपोर्ट प्रिंटला दिला. सामाईक प्रिंटर हललाच नाही. कागद निघाला तो त्यांच्या टेबलावरच्या छोट्या प्रिंटरमधून. त्यांनी तो पालथा करून मला आणून दिला.

"माझा कागद तुमच्याकडे कसा?" मी विचारलं.

"दोन्ही प्रिंटरना नेटवर्कवर चुकून एकच पत्ता मिळालाय. तुमचा कॉम्प्युटर सगळ्यांना विचारतो, हा पत्ता कोणाचा? माझ्या प्रिंटरने आधी ओ दिली."

"आणि खरा कोण, हे तो तपासत नाही?"

"नाही. जो ओ देईल त्याच्यावर विश्वास ठेवतो." मग स्वतःहूनच म्हणाले, "मी वाचलं नाही हं."

मी तर तसं विचारलंही नव्हतं. माझा संशय उलट वाढला. त्यांनी प्रिंटरचा पत्ता लगेच बदलला, तरी मी कागद बाहेरून छापून आणायला लागले.

आईच्या ऑपरेशननंतर मी कामावर परतले, तेव्हा ते जिन्यात भेटले. बाजूला होत, खालच्या आवाजात म्हणाले, "आईंना आता बरं आहे ना?"

ऑफिसात मी कोणालाही काही सांगितलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण इतक्या दिवसांत हे विचारणारं दुसरं कोणी भेटलं नव्हतं.

"थोडं जेवायला लागलीय," मी म्हणाले.