विलासच्या बेकरीचा बोर्ड

आमच्या घरात इंग्रजी फक्त मला येतं, आणि त्याची शिक्षा सगळ्या घरानं भोगलेली आहे.

धाकटा दीर विलास, त्यानं कळंब्याला बेकरी टाकली. बोर्ड इंग्रजीत हवा होता. "वैनी, तुम्ही हायस्कूलला शिकवताय. तुम्हीच लिवून द्या की," म्हणाला. झालं! 'विलासची बेकरी' लिहायचं, तर नावाच्या शेवटी आधीच एस. पुढं आणखी एक एस द्यायचा, की नुसता अपॉस्ट्रॉफीचा फराटा? (यासाठी मी तीन पुस्तकं काढली आणि भात करपवला.) शेवटी फराट्यावर भागवलं.

उद्घाटनादिवशी बघते, तर बोर्डावर फराटाच नाही! पेंटर मुनीरभाईंना फोन लावला.

"बाई, कागदावर माशी बसून गेली असंल म्हणून सोडलं की."

अकराला उद्घाटन, साडेदहा वाजलेले, आणि हेडबाईंसकट आमची अख्खी शाळा येणार. माझी अब्रू त्या फराट्यावर! पदर खोचला, काळा रंग घेतला आणि शिडीवर चढले. शिडी धरायला नवरा.

"उतर खाली. पाव घ्यायला येणाऱ्याला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय," म्हणत मी ब्रश टेकवला, आणि त्याच क्षणी खाली बँजोवाल्यांनी दण्णकन सुरुवात केली. हात हलला. फराट्याचा बटाटा झाला! पदरानं पुसायला गेले, तर बटाट्याचं वांगं झालं.

"वैनी, बोर्ड नासला की वो," विलास म्हणाला. "आज पयला दिवस हाय." पोराचा चेहरा एवढासा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात रिक्षातून सासूबाई उतरल्या, मागोमाग हेडबाई. पंधरा वर्षांत सासूबाईंनी मला एकदाही बरं म्हटलेलं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं. मी ब्रश पाठीमागं लपवला.

"पुसू नगंस," त्या म्हणाल्या. "बोर्डाला तीट लावलीस व्हय? बघा, एवढी शिकलेली, पर रीत इसरली न्हाय." आणि सगळ्या पावण्यांसमोर खालूनच माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली. हेडबाईंनीही मान डोलावली.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. नवऱ्यानं शिडी हलवली.

आता कबनूरच्या पावण्यांनी नव्या यंत्रमागांना तीट लावायला बोलावलंय. वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, साधा अर्ज लिहायला कुणी हाक मारली नव्हती. जाणार आहे. ब्रश घेऊन.