डिस्ककाकांनी चालू ठेवलेला लॅपटॉप

खरं सांगायचं तर डिस्ककाका माणूस म्हणून वाईट नव्हते. शेखी मिरवायची खोड मात्र दांडगी. बावीस वर्षं एकाच गाळ्यात बसून त्यांनी लोकांच्या उडालेल्या फाइली परत आणल्या. जुन्या फिरत्या डिस्कवर त्यांचा हात बसलेला. मशीन चालू करायचं, शोधायचा प्रोग्राम लावायचा आणि दिवसभर तसंच सोडून द्यायचं. संध्याकाळी फाइली हजर! बाजारात त्यांना मान होता आणि तो डोक्यात गेला होता.

एका सकाळी विशीतली एक पोरगी लॅपटॉप छातीशी धरून आली. रडून रडून डोळे सुजलेले. सोबत तिचे वडील, गळ्याला रुमाल बांधलेला. ते मंडईत लिलाव पुकारायचे. वर्षापूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. आवाज जाणार हे आधी कळल्यामुळे त्यांनी आठवडाभर बसून साठ रेकॉर्डिंग करून ठेवली होती. बायकोला मारलेल्या हाका, लेकीला रागावणं, मनात येईल ते. लॅपटॉपमध्ये जागा करताना पोरीने नेमकं तेच फोल्डर उडवलं. दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती.

"काका, लक्षात आलं तसा लगेच बंद केला. मग हातही लावला नाही," ती म्हणाली.

पोरीने अगदी बरोबर केलं होतं. आत फिरती डिस्क नव्हती, नव्या तऱ्हेची एसएसडी होती आणि तिची तऱ्हाच वेगळी. वीज मिळाली की उडवलेल्या फाइलींची जागा ती फावल्या वेळात स्वतःहून पुसून काढते. तिला चालूच करायचं नसतं. हे पुसणं थांबवायची यंत्रं ज्यांच्याकडे असतात, त्यांच्याकडे ती तशीच पाठवायची. काकांना हे चांगलं ठाऊक होतं. पण दुसऱ्याकडे पाठवायचं म्हणजे आपल्याला जमत नाही असं कबूल करायचं. ते कुठलं व्हायला!

"उद्या या आणि आवाज घेऊन जा," काका म्हणाले. वडिलांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

दोघांची पाठ वळताच काकांनी लॅपटॉप चालू केला, प्रोग्राम लावला. पाच मिनिटांत फाइलींची नावं दिसायला लागली. त्यांनी एक लावून बघितली. चालली! पुरुषाचा भरदार आवाज. काकांनी चार-पाच सेकंदांत ती बंद केली. तेव्हाच ती एक तरी पेनड्राइव्हवर काढून घ्यायची की नाही? छे! शोध पुरा झाला की सगळ्या एकदम घेऊ, ही जुनी सवय. लॅपटॉप तसाच चालू ठेवून ते शेजारच्या घड्याळवाल्याकडे चहाला गेले आणि तासभर आपलीच टिमकी वाजवत बसले.

दुपारी शोध संपला. साठच्या साठ नावं जागेवर होती, पण एकही फाइल वाजेना. सगळ्या आतून कोऱ्या. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी ते काय बोलले? "बाळ, तू आणलास तेव्हाच सगळं पुसलेलं होतं गं." पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. वडिलांनी खिशातल्या वहीत लिहून दाखवलं : 'तुम्ही प्रयत्न केलात. आभारी आहे.' काकांना त्या कागदाकडे धड बघवेना.

चार दिवस त्यांचं कामात लक्ष नव्हतं. पाचव्या दिवशी त्या पोरीची आई गाळ्यात आली.

"भाऊ, पोरगी जेवत नाही की कुणाशी बोलत नाही. तुम्ही येऊन सांगा ना, तिची चूक नव्हती म्हणून. खोटं बोललात तरी चालेल."

शरमेने काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते शटर ओढून तिच्यामागे चालू लागले.

पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती, वडील तिच्याजवळ. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. "तू नीट आणला होतास. मी चालू ठेवला, मी घालवलं आणि वर तुझ्यावर ढकललं. एक फाइल तर चाललीसुद्धा होती. मी ऐकली."

आता ही शिव्या देणार, असं वाटून त्यांनी मान खाली घातली. पोरगी उठून समोर आली.

"तुम्ही ऐकलीत? काय म्हणत होते बाबा?"

आईसुद्धा पुढे सरकली. वडिलांनी मान वर केली. काकांनी डोकं खाजवलं, डोळे मिटले. हाक होती? हसणं होतं? त्यांना एक शब्द आठवेना. फाइल चालते का, एवढंच त्यांनी बघितलं होतं.

"आठवत नाही," काका म्हणाले.