परीक्षेच्या दिवशीची ओहोटी
कोपरच्या शाळेत मी नवा मास्तर होतो. शाळा तपासणारे डिपोटीसाहेब परीक्षेला यायचे होते. हजेरी कमी भरली तर शाळा बंद, असा नियम. नियम करणाऱ्याने मिठागर पाहिलं नसावं. ऐन हंगामात माझ्यापुढे पोरं नऊ, बाकीची आईबापांबरोबर मीठ ओढायला गेलेली!

साहेब आले का बघायला धावत खाडीवर गेलो, तर पलीकडच्या काठावर साहेब पगडी सावरत हाका मारत होते. अलीकडे होडीवाला उकिडवा बसून होडीच्या फटीत काथ्या ठोकत होता. कुणाकडे बघून बोलायचं नाही, ही त्याची खोड. मी रडवेला होऊन नऊ पोरांचं सांगितलं. तो उठला, तोंडाशी हात धरून मिठागराकडे लांबलचक कुकारा घातला आणि मग साहेबांना ओरडून म्हणाला, “सुकती हाय, सायेब! होरी चिखलान रुतंल. भरती येव द्या!”

मी घाटावरचा. भरती-ओहोटीतलं मला काय कळतंय! देवाचे आभार मानत शाळेत परतलो. मिठाने पांढऱ्या झालेल्या पायांनी पोरं एकेक करून धापा टाकत आली. साहेब पोचले तोवर बसायला चटया पुरेनात. शाळा वाचली. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

दुसऱ्या दिवशी होडीवाल्याला म्हटलं, “काल ओहोटी अगदी वेळेवर आली हो!”

काथ्या ठोकता ठोकता, खाली बघतच तो म्हणाला, “पानी भरपूर व्हता, मास्तर. पोरां नव्हती.”