भेकराच्या मागे कोकणात

शिकारबंदीचा कायदा आला आणि बाबांनी बंदूक जमा करून टाकली. त्यानंतर पंधराच दिवसांनी सक्करदऱ्याच्या घरी जेवता जेवता म्हणाले, "मी कोकणात जाऊन येतो. तू येतं का वं?"

मी तेव्हा बावीस वर्षांची, समुद्र न पाहिलेली. लगेच हो म्हटलं.

नागपूर ते पुणे रेल्वे, पुढे चिपळूणची एसटी. घाटात पोट डचमळत असेल तर पुढची सीट धरा आणि आल्याचा तुकडा जवळ ठेवा. माझं आलं मी पाटणलाच संपवलं. बाबा घाट उतरल्यावर कुठे बोलायला लागले.

लग्नाआधी ते मोजणी खात्यात, गुहागरकडे होते. तिथे गावची पारध निघायची. हाकारे डोंगरावरून आरोळ्या देत भेकरं, ती भुंकणारी लहान हरणं, खाली आणत, बंदूकवाले वाटेवर दबा धरून बसत. एका सकाळी झुडूप हललं, बाबांनी गोळी झाडली आणि माणूस ओरडला. धोंडू नावाचा हाकाऱ्या. त्याला डोलीतून दवाखान्यात नेलं. त्याच आठवड्यात बाबांची विदर्भात बदली झाली.

"मंग काय झालं त्याचं?"

"विचाराची हिंमतच नाही झाली, पोरी."

गुहागरहून पुढे दोन तास पायी. माडांमागे निळं पाणी दिसलं, पण बाबा थांबले नाहीत. पारधीच्या त्या गावात पहिल्याच घरी त्यांनी धोंडूची चौकशी केली. अंगणात जाळं विणणारा म्हातारा मान वर करून म्हणाला, "मीच की. बसा."

बाबा उभेच राहिले. "माझी गोळी तुला..."

"तुमची गोळी?" धोंडू हसला. "ती फणसाच्या खोडात गेली सायब. पोरांनी दुसऱ्या दिवशी कोरून काढली. मी आवाजाला दचकलो नि खड्ड्यात पडलो. पाय मोडला, जुळला. भेकर पन सुटलं!"

बाबा ओट्यावर बसले आणि रडले. धोंडूच्या बायकोने पाणी आणलं, मग कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी. अशी चव मला पुढे कुठल्याच खानावळीत मिळाली नाही.

जेवताना धोंडू जुनं सांगत राहिला. त्याच्या आज्याच्या काळी सांबरं पार वाळूपर्यंत उतरत. पारधीच्या मटणाचे घरटी वाटे पडत, विधवेच्या घरीही. मग कोळशासाठी रान तुटलं, सांबरं गेली, भेकरं तेवढी उरली. "कायदा आला तो बरा झाला," तो म्हणाला. "आमचं आम्हाला थांबता येत नव्हतं."

संध्याकाळी बाबा धोतर खोचून लाटांत उभे राहिले. मला हाक मारून म्हणाले, "थंडं आहे वं पाणी!"

नागपूरला परतल्यावर त्यांनी आईला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती ताटात भाजी वाढत होती, थांबली.

"इतके वर्षं मले काहून नाही सांगितलं जी?"

बाबांनी ताट पुढे केलं आणि आणखी एक भाकर मागितली.