पाया पडायचा प्रवेश

"शर्ट काढ," मालक म्हणाले. "आणि गुडघ्यावर बस."

अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या एका घराचं बेसमेंट. रविवारची दुपार. वर त्या घरच्या काकू पोहे परतत होत्या, खाली आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम चाललेली. काउबॉयचं नाटक, टेक्सासातलं. घोडे नव्हते, पण टोप्या होत्या, प्लास्टिकची पिस्तुलं होती आणि एक गुलाम होता. तो मी.

मालक नाटकातही मालक आणि ऑफिसातही. मी ज्या कन्सल्टन्सीत प्रोग्रॅमर होतो ती त्यांची. माझा व्हिसा त्यांच्या सहीवर. त्यांनी कागद मागे घेतले की मी विमानात. दोन हजार तीन साल होतं, धडाधड माणसं घरी बसत होती. तालमीला नाही म्हणायची कुणाची टाप?

कामं वाटताना दिग्दर्शक काकांनी मला नीट न्याहाळलं. आडनाव विचारलं. गाव विचारलं. मग आडनाव पुन्हा विचारलं. "याला मेकअप लागायचा नाही," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

पट्टा खरा होता. चामड्याचा, पितळी बकलाचा. पहिल्या तालमीला मालक तो जमिनीवर आपटायचे आणि मी ओरडायचो. दुसऱ्या तालमीला पाठीवर, हलकेच. तिसऱ्या वेळी म्हणाले, "यार, याचं ओरडणं फेक वाटतं." त्यानंतर कुणाची तक्रार आली नाही. पाठीवर वळ उठले. रूममेटला सांगितलं, जिममध्ये लागलं. मी जन्मात जिमची पायरी चढलो नव्हतो.

मूळ नाटकात गुलाम शेवटी मालकाला गोळी घालायचा. तो शेवट मालकांनी कॅन्सल केला. दिवाळीचा कार्यक्रम, बायकापोरं येणार, शेवट गोड पाहिजे. नवा शेवट असा: मालक गुलामाला मोकळं करतो, आणि मोकळा झालेला गुलाम त्याच्या पाया पडून म्हणतो, "तुम्ही देवमाणूस. मला तुमच्यापाशीच ठेवा." टेक्सासातला गुलाम वाकून पाया पडतो, यात त्या बेसमेंटमध्ये कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. माझा आजा गावात मेलेली ढोरं ओढायचा. माझा बाप पाटलाच्या दारावरून चपला घालून गेला, म्हणून त्याचे दोन दात पाडले होते. त्याच तोंडानं तो पुढं मास्तर झाला, मला इंजिनिअर केलं. आणि मी इथं येऊन वाकायचं पाठांतर करत होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च. पुढच्या रांगेत पैठण्या. ठरले होते तीन फटके. टाळ्यांनी मालकांना चेव आला, त्यांनी सहा मारले. सहाव्याला बकल लागलं. पाठीवरून काहीतरी कोमट खाली ओघळलं. "दॅट्स सो कूल!" कुणाचं तरी पोरगं ओरडलं.

मग पाया पडायचा प्रवेश. मालकांनी बूट पुढे केला. मी उभाच.

"पड ना," ते ओठ न हलवता म्हणाले. मी हललो नाही. मग आणखी हळू, "सोमवारी ऑफिसात यायचंय ना?"

मी त्यांच्या हातातला पट्टा हिसकला. पहिला फटका खांद्यावर. दुसरा तोंडावर. नाक फुटलं, टोपी पैठण्यांत जाऊन पडली. "अरे, हा खरंच मारतोय!" ते बोंबलले. हॉल हसून लोटपोट. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" प्रेक्षकांचा मान राखून मी तिसरा दिला. आता ते डोकं धरून खाली पडले होते, गयावया करत होते. चौथ्याची गरज नव्हती. तो मला बरा वाटला म्हणून मारला. हे मी कुणापासून लपवत नाही.

पडदा पडला तरी टाळ्या चालू होत्या.

सोमवारी मालक नाकाला पट्टी लावून केबिनमध्ये बसले होते. शेजारी दिग्दर्शक काका, मध्यस्थीला. मालकांना पोलिसांत जायचं नव्हतं, कारण माझ्या पाठीवरही खुणा होत्या. पुढ्यात कोरा कागद.

"लिहून दे, डोकं फिरलं होतं म्हणून," मालक म्हणाले. "आणि मंडळात सगळ्यांसमोर एकदा पाया पड. व्हिसाचं मी बघतो."

"अरे, मोठे आहेत ते," काका म्हणाले. "त्यात काय एवढं?"

दर आठवड्याला गावाकडून फोन लावणारा बाप आठवला. तरी पेन उचललं. लिहिलं, "डोकं ठिकाणावर होतं. शुद्धीत मारलं." सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. मालकांनी तो दोनदा वाचला.

व्हिसा गेला. नोकरी गेली. त्या दिवशीच ठरवलं, मिळेल ते काम करीन, नाही मिळालं तर उपाशी राहीन. पण यापुढे माझ्या अंगावर उठलेला हात मी नुसता धरणार नाही. मोडणार.